घडी उघडताना

१२ जानेवारी

ताई,

'पत्रास कारण की' असं लिहायची गरज नाही. कारण तुला माहीत आहे. तू तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केलास, पण पोस्टमन बंद करता येत नाही. म्हणून हे.

काल भावोजींना फोन केला होता. ते म्हणाले, "ती घरात नाही." मागून तुझा आवाज आला, "सांगा, उद्याही नाही." भावोजी जरा घुटमळले आणि म्हणाले, "ती म्हणतेय, उद्याही नाही." त्यांच्याकडून खोटं बोलवून घेत जाऊ नकोस गं. त्यांना जमत नाही, मला हसू येतं, आणि ही काही हसायची वेळ नाही.

त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यानं जे कळलं ते असं. नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना इन्सुलिनचे सहा युनिट द्यायचे होते. तू दिलेस अठरा. अठरा एक नंबरच्या पेशंटचे होते. वीस मिनिटांत आजोबांना दरदरून घाम सुटला, जीभ जड झाली. ते तूच ओळखलंस, तूच ग्लुकोज आणायला पळालीस, डॉक्टरांना तूच बोलावलंस. आजोबा चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेले. आणि 'माझ्या हातून चुकीचा डोस गेला' असं लिहून देणारीही तूच. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आता तू निलंबित आहेस आणि महिनाअखेरीला चौकशी समिती बसणार आहे. निकाल विरुद्ध गेला तर नोकरी जाईलच, पण नर्स म्हणून तुझी नोंदणीही जाईल. म्हणजे इतर कुठेही काम करता येणार नाही.

तू ज्या फोनवर डोस वाचलास त्यातलं अ‍ॅप आमच्या कंपनीचं. त्याच्या स्क्रीन मी आखल्या. कुठलं अक्षर कुठे बसेल, केवढं असेल, फोन मिटलेला असताना काय दिसेल आणि घडी उघडून तो वहीएवढा झाला की काय दिसेल, हे ठरवणं माझं काम. कंपनीनं हॉस्पिटलला कळवलं आहे की अ‍ॅपमध्ये कोणताही दोष आढळला नाही. ते कळल्यावरच तू माझा नंबर बंद केलास, असं मी धरून चालते.

तुला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी नेमकं काय झालं? फोन हातात घेतलास तिथपासून, क्रमानं. मी शोधून काढणार आहे. तू उत्तर दिलंस तरी, नाही दिलंस तरी.

बारकी


१७ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. लहानपणी तू अबोला धरलास की तिसऱ्या दिवशी मी रडायचे आणि तू जिंकायचीस. या वेळी रडणार नाही, लिहीत राहणार.

मागच्या पत्रात मी एक पळवाट काढली. 'कंपनीनं कळवलं आहे' असं लिहिलं. कंपनी म्हणजे कोण? तो कागद मी लिहिला. सही मॅनेजरची, मजकूर माझा. मॅनेजर दुपारी माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "हॉस्पिटलला चार ओळी हव्यात. तूच आखलंयस, तूच लिही. संध्याकाळपर्यंत." ती नर्स कोण, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. हे पत्र लिहायला बसले तेव्हा मला वाटलं होतं की एवढं तरी माझ्या बाजूचं आहे. पण ती दुसरी कोणी असती तर त्या चार ओळी खऱ्या झाल्या असत्या का?

ठरवून खोटं लिहिलं नव्हतं. मी तपासलं होतं. मिटलेल्या फोनवर सगळी पानं पाहिली, ठीक. उघड्या फोनवर सगळी पानं पाहिली, ठीक. तपासणीच्या यादीत दोन्हीकडे बरोबरची खूण केली. आमच्याकडे सगळे असंच करतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोनचं चित्र उघडायचं, आधी मिटलेल्या फोनचं, मग ते बंद करून उघड्या फोनचं. म्हणजे मिटलेला तपासला, उघडा तपासला. उघडताना तपासला नाही. समोर पेशंट आहे, काम अर्ध्यावर आहे आणि मधेच कोणी घडी उलगडली तर काय होतं, हा रकाना आमच्या यादीतच नाही.

आणि तू तर घडी उघडणारच. गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर तू दोन वर्षं माझ्याकडून वाचून घेतेयस. "तुझे डोळे फुकट आहेत का? वाच." असं म्हणून. मला हे दुसऱ्या कोणी सांगायला हवं होतं का?

हे फोन वॉर्डात नवे आले तेव्हा तू माझ्याकडे जेवायला आली होतीस. म्हणालीस, "बारके, यात पट्टी ठेवता येत नाही गं." कागदी तक्त्यावर ओळ चुकू नये म्हणून तू खिशातली स्टीलची पट्टी ओळीखाली धरतेस आणि मगच औषध भरतेस. तुझ्या हाताखाली शिकलेल्या सगळ्याजणी तेच करतात. मी हसले होते. म्हटलं, "ताई, पट्टीचा जमाना गेला." तू म्हणालीस, "जमाना जाऊ दे. ओळी आहेत ना अजून?" मी तुला आणखी वाढलं आणि विषय बदलला.

कालपासून ऑफिसात खराखुरा घडीचा फोन घेऊन बसले आहे. नऊ नंबर निवडते, घडी उघडते. नऊच राहतो. मिटते, उघडते. नऊच. साठ वेळा केलं. शेजारचा प्रोग्रामर म्हणाला, "बिजागरी मोडशील." म्हटलं, "बिजागरी बदलून मिळते."

साठही वेळा नऊच. तू असं काहीतरी केलंस जे मी करत नाहीये.

बारकी


२२ जानेवारी

ताई,

सोबत जाड कागदाचे चौदा तुकडे आहेत. केरात टाकण्याआधी एकदा बघ. प्रत्येक तुकडा फोनच्याच मापाचा आहे, आणि जिथे फोन मधोमध दुमडतो तिथे कागदही दुमडला आहे. पहिले आठ म्हणजे त्या दिवशी तू एकापुढे एक काय पाहिलं असशील याचा माझा अंदाज. पुढचे सहा म्हणजे मी नव्यानं काय आखते आहे ते. शिकाऊ नर्सच्या तक्त्यावर तू लाल पेनानं खुणा करतेस ना, तशा कर. मला काही लिहू नकोस. चूक दिसेल तिथेच लिही.

सातवा तुकडा पाहताना तुला जे कळेल ते माझ्याकडूनच कळलेलं बरं. घडी उघडली की डावीकडे सगळ्या खाटांची यादी येते आणि उजवीकडे निवडलेल्या पेशंटची औषधं. कोणी निवडलेलाच नसेल तर उजवी बाजू कोरी पडते. ती कोरी बाजू मला बघवत नव्हती. हॉस्पिटलच्या मोठ्या लोकांना अ‍ॅप दाखवायचं होतं. अर्धी स्क्रीन पांढरी म्हणजे दुकानातलं रिकामं फडताळ. मग मी ठरवलं की अशा वेळी यादीतला पहिला पेशंट आपोआप उघडा दिसेल. पहिला म्हणजे एक नंबर. प्रोग्रामरनं तेव्हा विचारलं होतं, "रिकामं राहिलं तर बिघडतं काय?" मी म्हटलं, "वाईट दिसतं."

पेशंटचं नाव वरच्या कोपऱ्यात, बारीक आणि फिकट राखाडी, तेही मीच केलं. स्क्रीन मोकळी वाटावी म्हणून. वॉर्डात कोणाला मोकळं वाटत असतं गं?

म्हणजे त्या दिवशी अ‍ॅप नऊ नंबरला विसरलं आणि कोणी न सांगता एक नंबर उघडून बसलं, एवढं नक्की. का विसरलं, तेवढंच सापडत नाहीये.

नव्या तुकड्यांवर खाटेचा नंबर आणि नाव जाड काळ्या पट्टीवर आहे. फोन मिटलेला असो की उघडा, ती पट्टी तिथेच राहते, हलत नाही. औषधाचं नाव आणि डोस यांच्यात आता हातभर पांढरं मैदान नाही. जागा वाढली म्हणून ओळ ताणायची नाही, एवढं मी या वयात शिकले. दुमडीवर एकही आकडा येत नाही. आणि पेशंट कोण याची अ‍ॅपला खात्री नसेल तर उजवी बाजू कोरी. नुसतं 'पेशंट निवडा' एवढंच.

मॅनेजरला सांगितलं की मी समितीपुढे जाणार. तो म्हणाला, "आपला कागद गेलाय की. तू कशाला जातेस?"

"तोच परत घ्यायला."

"नोकरीचा विचार कर."

"करतेय. दोन नोकऱ्यांचा करतेय."

तेव्हापासून तो माझ्याशी फक्त ई-मेलवर बोलतो. आमची टेबलं सात पावलांवर आहेत.

समितीनं मला तीस तारखेला अकरा वाजता बोलावलं आहे. तुला एकोणतीसला, असं भावोजी म्हणाले. म्हणजे तिथेही गाठ पडणार नाही. काळजी करू नकोस.

बारकी


३० जानेवारी

ताई,

आज सकाळी घराबाहेर पडत होते तेवढ्यात तुझं पाकीट आलं. पत्र नव्हतं. चौदाच्या चौदा तुकडे होते आणि अकरा लाल खुणा. बसमध्ये उभ्यानं वाचल्या. तिसऱ्या तुकड्यावर 'बारीक.' दहाव्यावर 'अंगठा पोचत नाही. दुसऱ्या हातात ट्रे असतो.' तेराव्यावर, माझ्या लाडक्या निळ्या चौकोनावर, नुसतं 'कशाला?'

पाचव्या आणि सहाव्या तुकड्याच्या मधे मी काहीच काढलं नव्हतं. तिथे तू पाचव्याच्या पाठीवर लिहिलंयस: 'इथे फोन खिशात. सात नंबरला उलटी झाली. आवरलं, हात धुतले. वॉर्डाचा फोन आला, तो याच फोनवर घेतला. दहा मिनिटं तरी गेली. मग उघडला.'

खरं सांगते, वाचलं तेव्हा त्याचं वजन मला कळलं नाही. कारण शेवटच्या, चौदाव्या तुकड्यावरची ओळ मी चार वेळा वाचत बसले. 'पेशंटच्या मनगटावरचा पट्टा मी वाचला नाही. ते माझं. बाकीचं तुझं.'

समितीच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त सर्जन बाई. तू कालच भेटलीस. शेजारी दोन सदस्य. मॅनेजर मागच्या खुर्चीवर, न बोलावता. मी उभी राहिले आणि म्हटलं की 'दोष आढळला नाही' हे वाक्य माझं आहे आणि मी ते परत घेते. आणि मी त्या नर्सची सख्खी बहीण आहे. हे नंतर कळून कोणी बोट दाखवायला नको, म्हणून आधीच सांगितलं.

बाई म्हणाल्या, "बहीण म्हणून बोलाल ते आम्ही ऐकणार नाही. दाखवणार असाल तर बघू."

मी वॉर्डातलाच एक फोन मागून घेतला, त्या दिवशीचीच यादी भरलेला. मिटलेल्या फोनवर नऊ नंबर निवडला आणि तो बाईंच्या हातात दिला. "उघडा." त्यांनी उघडला. चष्मा लावून वाचला.

"नऊच आहे की."

"पुन्हा."

पुन्हा नऊ. मागे मॅनेजरची खुर्ची करकरली. बाईंनी फोन टेबलावर ठेवला, आता पुरे अशा बेतानं. मी माझ्या पिशवीत हात घातला, कशासाठी ते मलाही माहीत नाही, आणि हाताला तो पाचवा तुकडा लागला.

मी म्हटलं, "बाई, आता फोन तुमच्या कोटाच्या खिशात ठेवा. मी हात लावणार नाही. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं. त्या दिवशी माझ्या बहिणीनं तेवढ्या वेळात एका पेशंटची उलटी आवरली होती."

बाईंनी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि फोन खिशात टाकला. एक सदस्य म्हणाले, "तोवर चहा मागवू या का?" बाई म्हणाल्या, "तिला त्या दहा मिनिटांत चहा मिळाला नव्हता." चहा आला नाही.

सहाव्या मिनिटाला मी माझ्या फोनवरून त्यांच्या खिशातला फोन लावला. वॉर्डाचा फोन आला होता ना तुला, तो मी झाले. त्यांनी उचलला. "हॅलो?" मी टेबलाच्या या बाजूनं म्हटलं, "हॅलो, मी समोरच बसलेय." त्या हसल्या नाहीत. बंद केला, परत खिशात.

मला खात्री नव्हती, ताई. तिथे तसं दाखवलं नाही, इथे लिहिते. उरलेल्या चार मिनिटांत मी त्या खोलीच्या खिडकीचे गज तीनदा मोजले. अकरा आहेत.

दहा मिनिटं झाली. बाईंनी फोन काढला, घडी उघडली, चष्मा सारखा केला. आणि औषधं वाचायच्या आवाजात वाचलं, "इन्सुलिन. अठरा युनिट." मग वरचं फिकट अक्षर शोधायला फोन खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला. "खाट क्रमांक एक."

मग त्या म्हणाल्या, "पुन्हा." आणखी दहा मिनिटं, पुन्हा एक फोन. पुन्हा एक नंबर. तिसऱ्यांदा फोन चहावाल्या सदस्यांच्या खिशात गेला. तिसऱ्यांदाही एक नंबर. एकूण अर्धा तास आम्ही पाचजण नुसते बसून होतो, आणि माझ्या आयुष्यात इतकं काम कधी झालं नसेल.

कारण साधं आहे. फोन खिशात गेला, वर दुसरं काम आलं, की जागा वाचवायला तो मागचं अ‍ॅप झोपवून टाकतो. उठल्यावर आधी काय चाललं होतं हे अ‍ॅपनं आठवायचं असतं. आमचं अ‍ॅप मिटलेलं असताना झोपलं आणि मिटलेलंच उठलं तर त्याला आठवतं. मिटलेलं झोपलं आणि उघडं उठलं की ते गोंधळतं आणि पहिल्या पेशंटवर जाऊन बसतं. तिथे कोरी जागा ठेवली असती तर तू फक्त वैतागली असतीस. ती जागा मी भरली होती.

निकाल ते लेखी कळवणार आहेत. तोवर वॉर्डांतले सगळे घडीचे फोन कपाटात आणि कागदी तक्ते बाहेर. पट्ट्या लागतील सगळ्यांना.

लिफ्टमध्ये मॅनेजर होता. दोन मजले गेले, मग म्हणाला, "आता हे दुरुस्त कोण करणार?"

"मी."

"किती दिवस?"

"लाल शाईतलं सगळं धरून सहा आठवडे."

"आणि ते न धरता?"

"ते धरूनच."

बारकी


१९ मार्च

बारके,

तुझी चारही पत्रं मिळाली होती. वाचली होती. यांनी ती टेबलावर अशी ठेवली की मला दिसतील आणि त्यांनी ठेवली असं वाटणार नाही. हे त्यांना बरं जमतं.

सोमवारपासून कामावर आहे. पट्टा न वाचल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. योग्य आहे. सही केली. नोंदणीला धक्का नाही.

नऊ नंबरचे आजोबा काल तपासणीला आले होते. मला बघून म्हणाले, "आलात का? तुमच्यानंतर जी आली तिचा हात जड होता." मी म्हटलं, "आधी मनगट दाखवा." ते म्हणाले, "अहो, मी दाखल नाहीये, पट्टा कुठून असणार?" तरी दाखवलं बिचाऱ्यांनी.

तुझे फोन परवा वॉर्डात आले. मी माझ्या पद्धतीनं तपासले. खिशात ठेवून, हात धुऊन, फोन घेऊन, ट्रे हातात असताना, जिना चढताना. दिवसभरात बत्तीस वेळा उघडला. तीस वेळा तोच पेशंट राहिला. दोन वेळा उजवी बाजू कोरी आली. एक शिकाऊ मुलगी ओरडली, "सिस्टर, अर्धं रिकामं झालं, बिघडला वाटतं!" मी म्हटलं, "बिघडला नाही. त्याला आठवत नाही म्हणून तो आपल्याला विचारतोय. सांग त्याला."

माझा राग गेला असं समजू नकोस. तो चार ओळींचा कागद तुझा होता हे मी विसरणार नाही. तो परत घ्यायला तू गेलीस हेही विसरणार नाही. दोन्ही राहू देत.

तुझा नंबर उघडला आहे. साडेसहाच्या आधी करू नकोस, ड्युटी असते.

आणि ती काळी पट्टी अजून अर्ध्या बोटानं जाड कर. माझे डोळे आता बिघडायचे तेवढे बिघडले, पण त्या शिकाऊ मुलीचे अजून बाकी आहेत.

ताई